गच्चीवरच्या दोन पिंपांमधला सायफन सारखा तुटतोय? आधी हवा कुठून येते ते शोधा

दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवलीत, मध्ये काठावरून उलट्या यू सारखा पाइप टाकलाय, एकात पाणी सोडलं की दुसरं आपोआप भरतं, आणि हे सगळं दोन दिवस झकास चालतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर पहिलं पिंप वाहतंय, गच्चीवर ओहोळ चाललाय आणि दुसरं तसंच अर्धं. परत पाइप भरायचा, परत दोन दिवस. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आमच्याकडे जवळजवळ चार महिने हेच चाललं होतं आणि आता थांबलंय.

आमची परिस्थिती आधी सांगते म्हणजे तुमच्याशी जुळवून बघता येईल. आम्ही पुण्यात धायरीत भाड्याने राहतो, बिल्डिंग तीन मजली, गच्चीवर आमच्या वाट्याला २०० लिटरची दोन निळी पिंपं. पाणी सकाळी तासभर येतं, कधी त्याहून कमी, आणि त्या वेळात मला डबे, पोराची शाळा, स्वतःचं आवरणं हे सगळं असतं, त्यामुळे गच्चीवर उभं राहून नळी एका पिंपातून दुसऱ्यात टाकणं जमत नाही. पिंपं घरमालकांची आहेत, त्यांना खाली भोक पाडायचं नाही म्हणाले, ते त्यांचं बरोबरच आहे. म्हणून सायफन. झाडं आईंची (सासूबाईंची), जास्वंद, कढीपत्ता, दोन मोगरे, आणि एप्रिल-मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं तरी मोगरा मान टाकतो.

तर पहिली गोष्ट, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, पाइप पारदर्शक घ्या. मी सुरुवातीला बागेचा हिरवा पाइप वापरला होता आणि त्यात काय चाललंय ते कधी दिसायचंच नाही, नुसते अंदाज, कोणी म्हणे पाइपात शेवाळ असेल, कोणी म्हणे उतार कमी पडतोय. मग गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, आणि पहिल्याच दिवशी दुपारी दिसलं की सगळ्यात वरच्या वळणावर बोटाच्या पेराएवढा बुडबुडा बसलाय. संध्याकाळी तो वीतभर झाला होता. दुसऱ्या दिवशी वरचं अख्खं वळण हवेने भरलेलं, दोन्ही बाजूला पाणी पाइपाच्या आपापल्या पायात (पिंपात उतरणाऱ्या उभ्या भागात) उभं, मधला दुवाच नाही.

सायफन तुटतो म्हणजे एवढंच होतं. त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा, ही हवा आली कुठून? बाकी सगळं त्यानंतर.

पण त्याआधी थोडं समजून घ्यायला हवं की वरच्या वळणात नक्की काय परिस्थिती असते, कारण ते न कळल्यामुळे आम्ही एक मोठी चूक करणार होतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका फार अभ्यासू आहेत, पुण्याच्या जुन्या पाण्याच्या व्यवस्थेवर तर त्यांना तासभर बोलता येतं. ते वर येऊन म्हणाले, अगं वरती हवा साठतेय ना, मग तिथे एक बारीक भोक पाड, हवा निघून जाईल, पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला तेव्हा जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवा जायच्या वाटा, बांधले ते कशासाठी? आता हे ऐकायला इतकं पटतं की मी सुई तापवायला घेतली होती.

कात्रजचं उदाहरण अगदी खरं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८ व्या शतकाच्या मध्यात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं, सगळं उताराने, आणि वाटेत नळातली हवा बाहेर पडायला उच्छ्वास ठेवले. पण तो नळ पाण्याच्या उगमापेक्षा सतत खालीच आहे. तिथे आतल्या पाण्याचा आणि कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका किंवा जास्त, म्हणून वाट मिळाली की हवा बाहेर जाते. आपल्या सायफनचं वळण पिंपातल्या पाण्याच्या वर आहे. पाणी तिथपर्यंत वर चढलेलं आहे, म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. भोक पाडलं तर हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसेल, दोन सेकंदांत सगळा सायफन खलास. काकांना मी जुन्या हिरव्या पाइपावर करून दाखवलं, सुई टोचली आणि फुस्स आवाज आत गेला. त्यांना ते फार आवडलं, आणि नंतर पुढचे सगळे प्रयोग आम्ही दोघांनी मिळून केले.

किती कमी दाब, ते पण सांगते कारण पुढे लागणार आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०.३ मीटर उंच पाण्याचा खांब उचलून धरू शकतो. पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, इथे तो आकडा साधारण ९.७ मीटर होतो. यावरून लक्षात येईल की आपल्या पिंपाच्या काठाची उंची म्हणजे काहीच नाही, मर्यादेच्या जवळपास पण आपण जात नाही. ती मर्यादा ज्यांनी ओलांडायचा प्रयत्न केला ते खरंच अडकले, इटलीत जेनोवाजवळ बालियानी नावाच्या माणसाने साधारण २१ मीटरच्या टेकडीवरून सायफनने पाणी न्यायचं ठरवलं, ते काही केल्या चढेना, म्हणून त्याने १६३० मध्ये गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं. गॅलिलिओचं उत्तर बरोबर नव्हतं. हवेला वजन आहे आणि ती दाबते, खांब त्यामुळे उभा राहतो, हे तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीवरून दाखवलं आणि १६४४ च्या पत्रात लिहून ठेवलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, पाणी चालेना म्हणून कोणीतरी कोणालातरी पत्र लिहिलं आणि त्यातून हळूहळू हवेचा दाब समजला.

अजून एक गोंधळ असतो की सायफन हवेच्या दाबाने चालतो का गुरुत्वाकर्षणाने. पाणी चालतं ते गुरुत्वाकर्षणाने, ज्या बाजूची पातळी खाली तिकडे, आणि दोन पातळ्यांतला फरक संपला की थांबतं. हवेचा दाब पाण्याचा खांब वरच्या वळणावर तुटू देत नाही, त्याचं काम एवढंच. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत १९११ पासून हे हवेच्या दाबावर ढकललेलं होतं, ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ती चूक लक्षात आणून दिली. पुढे त्यांनी दीड मीटर उंचीचा सायफन कमी दाबाच्या खोलीत ठेवून बघितला, साधारण ४० हजार फुटांवर जेवढी विरळ हवा असते तिथपर्यंत दाब उतरवल्यावर कुठे वरचा खांब फाटला. म्हणजे धायरीच्या गच्चीवर ८०-९० सेंटिमीटरचा सायफन तुटतोय तर दोष पुण्याच्या उंचीचा नक्की नाही (हे मला खरंच एकाने सांगितलं होतं).

आता हवा शोधू. ती चार वाटांनी येऊ शकते, आणि आमच्याकडे त्यातल्या तीन चालू होत्या, म्हणून एक बंद केली तरी फरक दिसायचा नाही आणि मी कंटाळून सोडून द्यायचे.

टोकं उघडी पडणं ही सगळ्यात सोपी. संध्याकाळी बादलीने पाणी काढत काढत पिंप तळाला गेलं, पाइपाचं टोक पाण्याबाहेर आलं, हवा शिरली, संपलं. यावरचा उपाय खाली सांगते, तो मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग आहे.

दुसरी वाट, जॉइंट. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा कारण आम्ही यातच फसलो होतो. साध्या पाइपाचा जॉइंट सैल असेल तर तो ठिबकतो आणि आपल्याला कळतं. सायफनच्या वरच्या भागातला जॉइंट सैल असेल तर तो ठिबकत नाही. एक थेंब बाहेर येत नाही, कारण आत दाब कमी आहे, बाहेरची हवाच आत जाते. आम्ही कित्येक वेळा एल्बोवर (काठावर पाइप वळवणाऱ्या कोपऱ्याच्या जोडावर) हात फिरवून बघितलं, कोरडा, म्हणून तो चांगला आहे असं समजलो, आणि तोच गळत होता. तपासायचा मार्ग म्हणजे सगळा पाइप काढायचा, एक टोक बोटाने बंद करायचं, जॉइंट बादलीत बुडवायचा आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने जोरात फुंकायचं. जिथून बुडबुडे येतील तिथे गळती. पाइप काढायचा नसेल तर चालू सायफनच्या एका एका जॉइंटला बाहेरून व्हॅसलिनचा जाड थर लावा, ज्याला लावल्यावर बुडबुडा वाढायचा थांबला तो गुन्हेगार. मग आटे असतील तर टेफ्लॉन टेप, नळी असेल तर चांगली होज क्लिप, आणि शक्य असेल तर वरच्या भागात जॉइंट ठेवूच नका, ते सगळ्यात उत्तम.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात उशिरा दिसली. नळाची धार पिंपात वरून पडते तेव्हा ती हवा घेऊन पाण्यात खोल शिरते, ते फेसासारखे बारीक बुडबुडे खाली जातात, आणि सायफनचं टोक जर त्याच बाजूला असेल तर ते सरळ आत ओढले जातात. पारदर्शक नळीत सकाळी पाणी चालू असताना बघा, बारीक मण्यांची माळ जाताना दिसेल. आमच्याकडे धार आणि पाइपाचं टोक यात एक वीत पण अंतर नव्हतं. नळीचं टोक पिंपाच्या समोरच्या बाजूला नेलं आणि पाण्याखाली बुडेल असं बांधलं, पाच मिनिटांचं काम, आणि निम्मा त्रास तिथेच गेला. (नळी बुडवून ठेवलीत तर एक काळजी घ्या, पाणी गेलं की मेन लाइनमध्ये ओढ बसून तुमच्या पिंपातलं पाणी उलटं जाऊ शकतं, तो पण एक सायफनच झाला. म्हणून पाणी जायच्या आधी तोटी बंद करायची, किंवा नळीला पाण्याच्या वरच्या भागात मुद्दाम एक भोक ठेवायचं, म्हणजे उलटी ओढ बसली की तिथून हवा शिरेल. काकांचं भोक इथे कामाला आलं.)

चौथी वाट म्हणजे खुद्द पाणी. पाण्यात हवा विरघळलेली असते, एका लिटरमध्ये आपल्याकडच्या तापमानाला साधारण १५ मिली. पाणी गरम झालं किंवा दाब कमी झाला की त्यातली थोडी बाहेर पडते. आणि सायफनच्या वळणावर नेमक्या या दोन्ही गोष्टी होतात, दाब कमी आणि वरून ऊन. पिंप काठोकाठ भरलेलं असताना वळण पाण्यापेक्षा १०-१५ सेंटिमीटरच वर असतं, तेव्हा दाबातला फरक दीड टक्क्याच्या आत. पिंप रिकामं होत आलं की तेच वळण पाण्यापेक्षा ८० सेंटिमीटर वर, म्हणजे ९.७ मीटरपैकी ८० सेंटिमीटर, आठ टक्के दाब कमी. वरून जाणाऱ्या लिटरमागे जास्तीत जास्त एक-सव्वा मिली हवा सुटू शकते. एवढीशीच वाटते, पण १०० लिटर पाणी गेलं तर ती चहाच्या कपाएवढी होते, आणि अर्धा इंची पाइपाच्या एक मीटर लांबीत मुळात मावतं १२५ मिलीच्या आसपास. सगळी हवा काही सुटत नाही, पाणी पटकन निघून जातं, पण पाणी संथ झालं आणि दुपारभर उन्हात उभं राहिलं की बुडबुडे भिंतीला चिकटतात, मोठे होतात आणि सरकत सरकत वर जमा होतात. नळाचं ताजं पाणी तर याबाबतीत जास्तच, ते दाबाखालून आलेलं असतं, कधीकधी ग्लासात घेतलं की दुधासारखं दिसतं आणि हळूहळू निवळतं ना, तीच हवा.

आता गळतीची हवा आणि पाण्यातली हवा वेगळी कशी ओळखायची? आम्ही असं केलं. रात्री दहाला बुडबुड्याच्या दोन्ही टोकांना नळीवर मार्करने खूण केली, सकाळी सहाला परत, दुपारी दोनला परत, तीन दिवस. जॉइंट गळत असेल तर बुडबुडा रात्री पण वाढतच राहतो, ऊन असो नसो, आणि पिंप जितकं रिकामं तितका जास्त वेगाने. पाण्यातली हवा असेल तर रात्री तो जवळजवळ तसाच राहतो आणि दुपारी फुगतो. आमचा रात्री वाढत होता, म्हणून एल्बो सापडला. एल्बो दुरुस्त केल्यावर रात्रीची वाढ थांबली आणि दुपारची उरली.

इथे मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. मला वाटलं पाइप जाड घेतला की बुडबुड्याने अडणारच नाही, म्हणून एक इंची आणला, महाग पण पडला. आणि त्यात हवा आधीपेक्षा लवकर साठायला लागली. का ते काकांबरोबर बसून हिशोब केल्यावर कळलं. आमच्या नळाला २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला १० लिटर. त्यातलं निम्मं सायफनमधून दुसऱ्या पिंपात जायला हवं, मिनिटाला ५ लिटर. एवढंच पाणी जाड पाइपातून गेलं तर संथ जाणार. आणि पाइपाच्या उतरत्या पायात बुडबुड्याला वर यायचं असतं, पाणी त्याला खाली ढकलत असतं, जो जोरात तो जिंकतो. एक इंची पाइपात बुडबुडा सेकंदाला साधारण १५-१७ सेंटिमीटर वेगाने वर चढतो, आणि आमचं पाणी पण तेवढ्याच वेगाने खाली जात होतं, त्यामुळे हवा ना इकडे ना तिकडे, वळणावर ठाण मांडून बसायची. अर्धा इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला ६५ सेंटिमीटर, बुडबुडे झटक्यात वाहून जातात, पण तिथे दुसरी अडचण, एवढ्या बारीक पाइपातून तेवढं पाणी ढकलायला दोन पिंपांच्या पातळीत १५-२० सेंटिमीटर फरक लागतो, म्हणजे दुसरं भरायच्या आधीच पहिलं वाहायला लागतं. पाऊण इंचीमध्ये वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या जवळ आणि पातळीतला फरक दोन-तीन सेंटिमीटर. आमच्यासाठी तोच बरोबर बसला. तुमच्या नळाचा जोर वेगळा असेल तर बादली भरायला लागणारा वेळ मोजा आणि त्यावरून ठरवा, दुकानदार काय देतो त्यावरून नको. जोर कमी असेल तर पाइप बारीक, जास्त असेल तर जाड, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

पाइप मऊ घेऊ नका हे पण सांगायला हवं. साधी पारदर्शक नळी मार्चमध्ये ठीक होती, एप्रिलच्या उन्हात इतकी लुळी पडली की काठावर मोडून चपटी झाली. आत दाब कमी असल्यामुळे ती आणखीनच आत ओढली जाते. आता काठावरचं वळण सीपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाइपाचं, केलंय (एल्बोचे जॉइंट सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, लावून पक्के, आट्यांचे नाहीत) आणि दोन्ही पाय जाळीच्या पारदर्शक पाइपाचे. ते जिथे सीपीव्हीसीला जुळतात ते जॉइंट टाळता आले नाहीत, म्हणून ते शक्य तितके खाली घेतलेत, पिंप निम्म्याच्या वर भरलेलं असेल तोवर पाण्याखालीच असतात. वळणावर ओलं गोणपाट टाकते, ऊन लागत नाही आणि पाणी उडून गारवा पण राहतो.

आता टोकं उघडी पडण्यावरचा उपाय. दोन्ही पिंपांत तळाशी एकेक डबा ठेवायचा, जाड प्लॅस्टिकचा, एक वीतभर उंच, आत दोन-तीन दगड म्हणजे तरंगणार नाही, आणि पाइपाचं टोक त्या डब्यात तळापासून दोन बोटं वर सोडायचं. पिंपातलं पाणी कितीही खाली गेलं तरी डब्यात पाणी राहतं, टोक बुडलेलंच राहतं, पाइप भरलेलाच राहतो, आणि सकाळी पाणी आलं की सायफन आपोआप चालू. कोणी हात लावायची गरज नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले होते.

पण यात एक मेख आहे. गच्चीला ढाळ असतो, पाणी वाहून जायला, त्यामुळे शेजारची दोन पिंपं पण सारख्या उंचीवर नसतात. वरच्या बाजूच्या डब्यातलं पाणी सायफन खालच्या डब्याच्या काठापर्यंत ओढून घेणार, कारण दोन डबे म्हणजे परत दोन पिंपंच झाली. आमच्याकडे गवंड्याच्या नळीने मोजलं तर फरक चार सेंटिमीटर निघाला. पाइपाचं टोक डब्याच्या काठाखाली १०-१२ सेंटिमीटर असल्यामुळे चार सेंटिमीटर गेले तरी ते बुडलेलं राहतं. तुमचा ढाळ जास्त असेल तर खालच्या पिंपाखाली शहाबादी फरशीचे तुकडे किंवा विटा घाला, किंवा डबा उंच घ्या. आणि हो, मोजताना त्या गवंड्याच्या नळीत पण बुडबुडा नाही ना ते बघा, नाहीतर लेव्हल चुकीची दाखवते, कुठलाही जुना गवंडी नळी आधी उभी धरून झटकतो ते याचसाठी.

एवढं सगळं करूनही पाण्यातली हवा थोडी थोडी सुटतच राहणार, ती शून्य होत नाही. म्हणून वळणाच्या सगळ्यात वर एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवलाय, त्यावर वीतभर लांबीचा एक इंची पारदर्शक कडक पाइप उभा, वरून बंद. हवा वळणात बसायच्या ऐवजी आधी या उभ्या तुकड्यात जमा होते, त्यात जवळजवळ १०० मिली मावते, तोपर्यंत सायफनला धक्का लागत नाही. त्याच्या टोकाला एक छोटा कॉक, कॉकला बारीक नळी, आणि मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज. तुकडा रिकामा दिसला की सिरिंज लावायची, कॉक उघडायचा, ओढायचं, पाणी वर चढताना दिसतं, कॉक बंद, सिरिंज रिकामी, परत एकदा. क्रम चुकवू नका. सिरिंज न लावता कॉक उघडलात तर ते काकांचं भोकच झालं, सगळी हवा आत आणि परत पहिल्यापासून.

पहिल्यापासून पाइप भरायचा असेल तर पण हीच सिरिंज वापरता येते, वेळ लागतो पण होतं. नाहीतर पाइप पूर्ण पिंपात बुडवून, वळण खालच्या बाजूला आणि दोन्ही टोकं वर करून हवा जाऊ द्यायची, टोकं अंगठ्याने दाबायची, आणि मग बाहेर काढून उलटा टाकायचा. तोंडाने ओढू नका, झाडांच्या पाण्यात पण नको, आणि गाडीतलं पेट्रोल, ॲसिड, फिनेल असलं काही असेल तर कधीच नाही, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं.

पिंपाचं तोंड जुन्या ओढणीने घट्ट बांधून ठेवा, पाइप जातो तिथे पण फट राहू देऊ नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचाच, म्हणजे पिंपं पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. त्या दिवशी तळाचे डबे पण रिकामे करून घासायचे, ते विसरतात सगळे, आणि डब्यातलंच पाणी सगळ्यात जास्त दिवस साचलेलं असतं. त्या दिवशी सायफन तुटणारच, तो परत भरायला आम्हाला आता दहा मिनिटं लागतात.

पिंपं स्वतःची असतील आणि भोक पाडायची मुभा असेल तर मात्र हे काही करू नका, दोन्ही पिंपांना खाली टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा) बसवा आणि सरळ पाइपाने जोडा, तिथे वळणच नाही, दाब कमी होत नाही, हवेचा प्रश्नच येत नाही. सायफन ज्यांना भोक पाडता येत नाही त्यांच्यासाठी.

आमचा हा जोड आता उन्हाळ्याचे दोन महिने चाललाय. एप्रिलमध्ये दर तीन दिवसांनी सिरिंज ओढावी लागायची, आता जूनमध्ये ढग आल्यापासून कोरड्या दिवसाच्या मधल्या काळात लागत नाही. तुमच्याकडे वरचं सगळं करूनही रोज ओढावी लागत असेल तर तो कॉकच हवा खात असेल, आमचा पहिला कॉक खात होता. तो बंद करून त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा धरा, पापुद्रा आत ओढला गेला तर कॉक बदला.